रोज चूळ भरून पायोरिया ताब्यात राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ५८. चार वर्षांपूर्वी पायोरियासाठी सगळ्या दातांचं डीप क्लीनिंग आणि खालच्या उजव्या दाढांना फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतून सफाई) झाली. तेव्हा लिहून दिलेलं क्लोरहेक्सिडिनचं माऊथवॉश मी अजून रोज दोन वेळा वापरतो. हिरड्यांतून रक्त येणं जवळजवळ थांबलं आहे. पण दात तपकिरी पडलेत आणि जेवणाला पूर्वीसारखी चव लागत नाही. त्रास नसल्याने या चार वर्षांत डॉक्टरांकडे गेलो नाही. हेच चालू ठेवू, की कमी टक्क्यांचं घेऊ? बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे, शुगर बॉर्डरवर आहे. बायको म्हणते, तेलाच्या गुळण्या कर."

माझं उत्तर: ती बाटली बंद करा आणि हिरड्यांच्या डॉक्टरांकडून एकदा पॉकेट मोजून घ्या. आता तुम्ही म्हणाल, रक्त थांबलंय, म्हणजे औषध लागू पडलंय, मग बंद कशाला? साताऱ्यात गेली २६ वर्षं मी हिरड्यांचंच काम करते आणि हा सवाल आठवड्यातून एकदा तरी माझ्या खुर्चीत बसलेला असतो. त्याचं उत्तर आजार नेमका राहतो कुठे, यात आहे.

निरोगी हिरडी दाताला शर्टाच्या कॉलरसारखी बिलगून असते. कॉलर आणि दात यांच्या मधे १ ते ३ मिलिमीटरची फट असते, ती असायचीच. पायोरियात दाताभोवतालचं हाड झिजतं आणि ही फट ५, ६, कधी ८ मिलिमीटर खोल जाते. तिलाच आम्ही पॉकेट म्हणतो. तिच्या तळाशी मुळावर किटण असतं आणि किटणावर जंतूंचा चिकट थर. ब्रशचे केस त्या फटीत फार तर मिलिमीटरभर शिरतात. चूळ तेवढीही शिरत नाही. लोकांना रंगीत पाण्याने चूळ भरायला लावून रंग किती आत गेला, हे मोजून झालेलं आहे. तो काठालाच थांबतो.

समजा, पिचकारीने औषध आत सोडलं. तरी पॉकेटमधून एक पाझर सतत बाहेर येत असतो. ५ मिलिमीटरच्या पॉकेटमधला हा द्रव तासाला चाळीसेक वेळा बदलतो, असा अंदाज आहे. आत गेलेलं औषध काही मिनिटांत बाहेर. शिवाय रक्त आणि प्रथिनं भेटली की क्लोरहेक्सिडिनचा जोर ओसरतो, आणि पॉकेटमध्ये या दोन्हींची कमतरता नसते. तेव्हा तुम्ही चार वर्षं जे केलंत ते विहिरीच्या कठड्यावर टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, शिंपडण्यासारखं झालं. कठडा स्वच्छ आहे. पाण्याचं काय झालंय ते कुणी बघितलेलं नाही.

मग या औषधाचा एवढा बोलबाला का? कारण ते खरोखरच चांगलं आहे, ज्या कामासाठी आहे त्या कामाला. डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. हिरड्यांची सूज दातांवरच्या थरामुळे येते, हे त्यातून पक्कं झालं. पुढे १९७० मध्ये लोए आणि शॉट यांनी दाखवलं की दात न घासताही, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलीलीटर चुळा दिवसातून दोनदा भरल्या, तर थर बसत नाही आणि सूजही येत नाही. तिथून हे औषध जगभर गेलं.

पण या प्रयोगातली माणसं कोण होती ते बघा. तरुण, निरोगी हिरड्यांची, आधी दात लखलखीत करून घेतलेली. स्वच्छ दातावर नवा थर बसू न देणं, हे क्लोरहेक्सिडिनचं काम. त्याच्या रेणूवर धन भार असतो, त्यामुळे तो दाताच्या पृष्ठभागाला आणि आतल्या त्वचेला चिकटतो आणि आठ-बारा तास हळूहळू सुटत राहतो. दुसऱ्या माऊथवॉशांना हे इतकं जमत नाही. मात्र आधीच जमलेला, जाड झालेला थर ते उखडत नाही, आणि किटणाला तर धक्काही लावत नाही. उलट दातांवर किटण साचायला थोडी मदतच करतं. हे ऐकून बरेच जण चमकतात.

आता तुमचं रक्त. ब्रश करताना येणारं रक्त बहुतेक हिरडीच्या काठाच्या सुजेमुळे असतं. काठावरचा थर कमी झाला, काठ शांत झाला, रक्त थांबलं. आम्ही जे रक्त बघतो ते वेगळं. बोथट टोकाची खुणा केलेली सळई, म्हणजे प्रोब, पॉकेटच्या तळापर्यंत अलगद नेली की तिथून रक्त येतं का, हा आमचा प्रश्न असतो. तळ बरा असेल तर येत नाही, आणि तपासणीमागून तपासणीत आलं नाही तर तिथे आजार शांत आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. तुमच्या बेसिनमधलं स्वच्छ पाणी तळाबद्दल काहीच सांगत नाही. तंबाखू, मशेरी, सिगारेट यांपैकी काही असेल तर तेही विसरू नका. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमीच येतं आणि आजार जास्त असतो.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकेला मी चिठ्ठीवर माऊथवॉश लिहून दिलं आणि खाली फक्त "चालू ठेवा" लिहिलं. कधीपर्यंत, ते लिहिलंच नाही. बाईंनी ते दोन वर्षं इमानदारीने चालू ठेवलं. परत आल्या त्या दात काळे पडले म्हणून, थोड्या रागानेच. समोरच्या हिरड्या गुलाबी, घट्ट, फोटो काढावा अशा. मागे वरच्या दाढेला मुळं जिथून फुटतात तिथे ७ मिलिमीटर. ती दाढ काढावी लागली. दोष त्यांचा नव्हता. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर शेवटची तारीख लिहिते, आणि कंपाउंडरला ती मोठ्याने वाचून दाखवायला सांगते.

इथे एक जण हटकून म्हणतोच: आमचे आजोबा राखुंडीने दात घासायचे, नव्वदीत ऊस सोलून खायचे, त्यांना कुठली आलीत ही थेरं? खोटं नाही ते. लोए यांनीच श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० पुरुष मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. दंतवैद्याची सोय नाही, रूढ अर्थाने दात घासणं नाही, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी सुमारे ११ टक्के लोकांची गाडी हिरडीच्या सुजेच्या पुढे गेलीच नाही, ८१ टक्क्यांचं हाड मध्यम गतीने झिजलं, आणि ८ टक्क्यांचं झपाट्याने. घाण सगळ्यांची सारखी होती, फरक शरीराच्या प्रतिसादात होता. आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. तुम्हाला ५४ व्या वर्षी फ्लॅप सर्जरी लागली, म्हणजे तुम्ही त्यांतले नाही. वर शुगर बॉर्डरवर.

तर मग देखभाल म्हणजे काय? स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावात आक्सेलसॉन आणि लिंडे यांनी लोकांना तीस वर्षं सांभाळलं. ज्याची गरज जशी, तसं काही महिन्यांनी बोलवायचं, थर कुठे राहतोय ते दाखवायचं, फटी साफ करायला शिकवायचं, दात साफ करून द्यायचे. तीस वर्षांत माणशी सरासरी दोनपेक्षा कमी दात गेले, आणि त्यातलेही बरेच मूळ तडकण्यासारख्या कारणांनी. या सगळ्याच्या केंद्रस्थानी बाटली नव्हती. दातांच्या फटी होत्या आणि पुन:पुन्हा बोलावणं होतं. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शनातही हीच दिशा आहे: उपचारानंतर दर ३ ते जास्तीत जास्त १२ महिन्यांनी तपासणी. जंतुनाशक चूळ ही काही ठराविक रुग्णांत, जोड म्हणून. तुमच्यासारख्याला मी तरी तीन महिन्यांवर ठेवीन, आणि दोन-तीन वेळा सगळं शांत दिसलं तर सहा. पॉकेटमधला थर विस्कटला की त्याला पुन्हा पहिल्यासारखा जमायला काही आठवडे ते काही महिने लागतात. तो जमायच्या आत पुन्हा विस्कटायचा, एवढंच त्या तीन महिन्यांमागचं गणित.

घरी काय करायचं, तर दोन दातांमधल्या फटींचा ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असावं तसा दिसतो. एकदा फ्लॅप सर्जरी झाली की हिरडी खाली सरकते, फटी मोठ्या होतात, फटी साफ करायचा धागा (फ्लॉस) त्यातून नुसता सळसळत जातो. या ब्रशचे केस मात्र मुळाच्या खोबणीत बसतात. एका मापाने भागत नाही. समोर बारीक, दाढांत जाड, बहुतेकांना दोन-तीन मापं लागतात आणि ती खुर्चीत बसवूनच ठरवायला हवीत. तार दाताला घासता कामा नये आणि केस किंचित अडले पाहिजेत. रात्री, पेस्टशिवाय, प्रत्येक फटीत दोन-तीनदा आत-बाहेर.

इथेच बरेच जण सोडून देतात. पहिले चार दिवस रक्त येतं, चांगलंच येतं. माणूस घाबरतो, ब्रश ठेवून देतो, बाटली उघडतो. उलट करा. रक्त आलं तिथे सूज आहे, म्हणजे तिथे ब्रश गेलाच पाहिजे. आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. तरीही एकाच जागी येत राहिलं तर ती जागा लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना बोटाने दाखवा. आमचं निम्मं काम होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगून ठेवा.

तपकिरी डागांचं मनाला लावून घेऊ नका. ते दाताच्या आत नाहीत. चिकटलेल्या क्लोरहेक्सिडिनवर चहा-कॉफीतला रंग बसतो, आणि आपल्याकडे दिवसाला किती चहा होतात ते मी विचारत नाही. पॉलिशिंगमध्ये जातील. दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं असेल तर त्याच्या कडेचे डाग मात्र हट्टी असतात. चव बाटली बंद केल्यावर परत येते. मुख्यतः खारट चवीची जाण मंदावते, म्हणून घरात भाजीला मीठ कमी पडल्याची भांडणं होतात आणि मीठ वाढतं. बीपीच्या माणसाला हे चांगलं नाही.

बीपीवरून आणखी दोन गोष्टी. पालेभाज्यांतलं नायट्रेट जिभेवरचे काही जंतू नायट्राइटमध्ये बदलतात आणि त्यापासून शरीर रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवतं. क्लोरहेक्सिडिन हे उपयोगी जंतूही मारतं. १९ निरोगी माणसांच्या एका छोट्या प्रयोगात आठवडाभर ही चूळ भरल्यावर बीपी २ ते ३.५ अंकांनी वाढलेलं दिसलं. १९ जणांवरून मी कुणाला घाबरवणार नाही, पण ज्याची गरजच नाही ते चार वर्षं घेत राहू नये, याला एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: तुमची गोळी. अ‍ॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, दोन दातांमधला त्रिकोणी भाग फुगतो. मग फटीत ब्रश जात नाही, पॉकेट खोल होतं, सूज वाढते, सुजेने हिरडी आणखी वाढते. आरशात बघा, तुमच्या पुढच्या दातांमधल्या हिरड्या फुगीर, गाठीसारख्या दिसतात का? दिसत असतील तर गोळी स्वतःहून बंद करू नका. दाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन फिजिशियनकडे जा, बहुतेकांना दुसरी गोळी चालते. शुगरचं म्हणाल तर एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी, करून रिपोर्ट हातात घेऊनच या. शुगर चढली की हिरड्या बिघडतात, आणि मधुमेही माणसाच्या पायोरियावर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ ने उतरतं, हेही दिसलेलं आहे.

मग क्लोरहेक्सिडिन कधी? ऑपरेशननंतर टाके असताना, ब्रश लावता येत नाही ते एक-दोन आठवडे. जबडा मोडून तारांनी बांधलेला असताना. हिरड्यांचा तीव्र, दुखरा संसर्ग असताना. पक्षाघाताने किंवा संधिवाताने हात चालत नसेल तर, ठरवून आणि लक्ष ठेवून. अशा माणसांत मी ते महिनोनमहिनेही देते, कारण तिथे डाग हा स्वस्त सौदा असतो. तुमचे दोन्ही हात धडधाकट आहेत.

जेव्हा वापराल तेव्हा नीट वापरा. ०.२ टक्के असेल तर १० मिली, साधारण मिनिटभर. काही बाटल्यांवर पाणी मिसळायला सांगितलेलं असतं, ते वाचा. मान मागे टाकून घशात गुळगुळ करायचं नाही, त्याने टॉन्सिल धुतले जातात. गाल फुगवून, दातांच्या फटींतून खळाखळा चूळ भरायची. पेस्टने घासल्यावर लगेच नको. पेस्टमधला फेस करणारा घटक ऋण भाराचा, हे धन भाराचं, दोघं एकमेकांना निकामी करतात. मधे निदान अर्धा तास जाऊ द्या, जास्त गेला तर उत्तमच. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास अडखळला तर ताबडतोब थांबवा आणि दवाखाना गाठा. या औषधाची गंभीर अ‍ॅलर्जी फार क्वचित होते, पण होते.

कमी टक्क्यांचं घेऊ का, असं विचारलंत. डाग कमी पडतील, पण पॉकेटच्या बाबतीत कठडा तोच. निलगिरी, पुदिना आणि ओव्याचं सत्त्व असलेली माऊथवॉश मिळतात. ओव्याचा जो उग्र वास तोच थायमॉल, आजीच्या बटव्यातून थेट बाटलीत गेलेला. रोज काहीतरी खळखळल्याशिवाय चैन पडत नसेल तर ती चालतील. तोंड कोरडं पडत असेल तर अल्कोहोल नसलेली बघा. पण तुमच्या जागी मी असते तर फ्लोराइडची घेतली असती, सोडियम फ्लोराइड ०.०५ टक्के, दिवसातून एकदा. तुमची मुळं उघडी पडली आहेत आणि मुळाला कीड फार पटकन लागते. साठीनंतर माझ्याकडचे कित्येक पेशंट पायोरियातून वाचवलेली दाढ किडीने घालवतात. बेटाडिन मनाने रोज वापरू नका, त्यात आयोडीन असतं, थायरॉइडवाल्यांनी तर नकोच.

वहिनींच्या तेलाबद्दल. आयुर्वेदात तोंड गच्च भरून धरायचं ते गंडूष आणि तोंडात फिरवता येईल इतकं घ्यायचं ते कवल. लोक करतात ते दोन्हींचं मिश्रण. दातांवरचा थर थोडा कमी होतो असं काही लहान अभ्यासांत दिसतं, तोंडाला बरंही वाटतं. पॉकेटच्या तळाशी तेलही जात नाही. हौस असेल तर करा, फटींचा ब्रश झाल्यावर. आणि खोबरेल असेल तर बेसिनमध्ये थुंकू नका. आमच्याकडे डिसेंबरात पाइप तुंबून प्लंबरला बोलवावं लागलं होतं.

चूळ आज बंद केली तर पाच-सहा दिवसांत रक्त पुन्हा दिसू शकतं. त्यात औषधाची सवय लागल्याचा प्रकार नाही, काठ झाकलेला होता तो उघडा पडला. म्हणून आधी अपॉइंटमेंट घ्या. जाताना चार वर्षांपूर्वीचा ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) किंवा साधा एक्स-रे शोधून न्या. नव्या फोटोशी तो ताडून बघितल्याशिवाय हाड जागेवर आहे की उतरलंय हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांना सांगा, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजून तक्ता द्या. नुसतं "क्लीनिंग करून टाकू" म्हणाले तर आधी मोजायला सांगा, संकोच करू नका. तक्त्यात ३ आणि ४ चे आकडे आणि रक्त नाही, तर तुमचं नशीब आणि ऑपरेशन करणाऱ्याचा हात दोन्ही चांगले. ५ आणि रक्त, तर तेवढ्याच जागा पुन्हा आतून साफ होतील. ६ किंवा त्याहून जास्त असेल तर पुन्हा ऑपरेशनचा विषय निघेल, आणि तो बहुधा त्याच खालच्या उजव्या दाढांपाशी निघेल, कारण दोन मुळांच्या बेचक्यात आमची हत्यारंही अडखळतात. ब्रशची मापं त्याच दिवशी ठरवून घ्या, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख काउंटरवर लिहून घेऊनच बाहेर पडा.